इतिहासात बी.ए. करायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न (पब्लिक हिस्ट्रीसकट)

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की मला हेच प्रश्न येतात, मुलांचे येतात, त्यांच्या आईवडिलांचे येतात, कधी कधी तर गावच्या सरपंचांचे पण येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी स्वतः इतिहासात बी.ए. आणि मग एम.ए. केलंय, काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंय आणि आता गावोगावच्या छोट्या प्रदर्शनांचं काम करते, तर जे सांगतेय ते त्या अनुभवातून.

इतिहास घेतला तर सगळ्या सनावळ्या पाठ कराव्या लागतात का?

नाही. शाळेतला इतिहास आणि डिग्रीचा इतिहास यात खूप फरक आहे. शाळेत तारीख पाठ करायची असते, इथे ती तारीख आपल्याला कळली कशी हे शिकायचं असतं.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोन तारखा आपण लहानपणापासून ऐकत आलोय, एक वैशाख शुद्ध द्वितीया शके 1549 म्हणजे 1627 चा एप्रिल, आणि दुसरी फाल्गुन वद्य तृतीया शके 1551 म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. आता ही दुसरी तारीख कशातून आली, तर जेधे शकावलीतून (जेधे घराण्याकडची जुनी सनावळी), जी लोकमान्य टिळकांनी 1916 साली छापली, आणि शिवभारत या संस्कृत काव्यातही तीच तिथी आहे, जे महाराजांच्या काळातच लिहिलं गेलं. पहिली तारीख धरणाऱ्यांचा भर जास्त करून नंतर लिहिलेल्या बखरींवर होता. मग प्रश्न असे पडतात की समकालीन साधन (म्हणजे त्याच काळातला पुरावा) कुठलं, नंतरचं कुठलं, नंतरच्यावर किती विश्वास ठेवायचा, आणि शकात 78 मिळवले की 1629 येतात मग 1630 कसं (फाल्गुन जानेवारी उलटल्यावर येतो, म्हणून 79 मिळवायचे). एवढा सगळा विचार एका तारखेमागे असतो आणि मला तर हा विचारच इतिहास वाटतो, तारीख ही त्याची शेवटची ओळ. आणि गंमत अशी की असं शिकलं की तारखा आपोआप लक्षात राहतात.

मी सायन्सचा आहे / कॉमर्सची आहे, चालेल का?

चालतं. बारावी कुठल्याही साईडने झालेली असली तरी बी.ए.ला ॲडमिशन मिळते. बहुतेक कॉलेजांत टक्क्यांची फार मारामारी नसते, मोठ्या शहरांतली काही नावाजलेली कॉलेजं सोडली तर. दिल्लीच्या वगैरे केंद्रीय विद्यापीठांत जायचं असेल तर मात्र सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच निघतात, निकाल लागेपर्यंत थांबलात तर वर्ष गेलं. मी सायन्समधून आले होते आणि मला त्याचा फायदाच झाला, पुरावा मागायची सवय आधीच होती.

तीन वर्षं की चार? हे मेजर मायनर काय आहे?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर हे बदललंय आणि कॉलेजातल्या क्लार्कलाही कधी कधी नीट सांगता येत नाही म्हणून थोडक्यात सांगते. तीन वर्षं करून बाहेर पडलात तर साधी डिग्री, चार वर्षं केलीत तर ऑनर्स, आणि पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के किंवा जास्त असतील तर चौथ्या वर्षी रिसर्च घेऊन ऑनर्स विथ रिसर्च करता येतं. चार वर्षांच्या डिग्रीला 75 टक्के असतील तर एम.ए. न करता नेट (कॉलेजात शिकवायची पात्रता परीक्षा) देता येते आणि पीएचडीलाही अर्ज करता येतो. पण माझं मत विचाराल तर एम.ए. करा, घाई करून पीएचडीत शिरलेल्या मुलांची पुढे ओढाताण होताना बघितलीय.

मेजर म्हणजे मुख्य विषय, इतिहास तिथे ठेवा. मायनर कुठला घ्यायचा हे मात्र नीट विचार करून ठरवा. मैत्रीण घेतेय म्हणून घेऊ नका. राज्यशास्त्र सगळेच घेतात, पण भूगोल घेतलात तर नकाशे वाचता येतात आणि मराठी किंवा संस्कृत घेतलात तर साधनं वाचता येतात. शिवाय ओजेटी (म्हणजे प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकणं) आणि फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट असतात, त्याबद्दल खाली लिहिलंय कारण पब्लिक हिस्ट्रीचा दरवाजा तिथेच आहे.

सगळा अभ्यास शिवकाळाचाच असतो का?

बऱ्याच मुलांना असं वाटतं आणि मग पहिल्या सेमिस्टरला सिंधू संस्कृती आली की हिरमोड होतो. मराठ्यांचा इतिहास असतोच, पण प्राचीन भारत, मध्ययुगीन, आधुनिक भारत, जगाचा इतिहास, आणि इतिहासलेखनशास्त्र म्हणून एक पेपर असतो. हा शेवटचा पेपर सगळ्यांना नकोसा वाटतो आणि खरं तर पूर्ण डिग्रीत सगळ्यात उपयोगाचा तोच आहे.

आणि महाराष्ट्राचा इतिहास म्हटलं तरी तो सतराव्या शतकात सुरू होत नाही. नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे, त्यात यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे आकडे कोरलेत. प्रवरेच्या काठी दायमाबादला 1974 मध्ये एका शेतकऱ्याला झाड उकरताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. इकडे अलीकडे यायचं तर महाडचं चवदार तळं आहे, 20 मार्च 1927, गिरणगावातला 1982 चा संप आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीचा अभ्यास वेगळ्या पद्धतीने करावा लागतो, कुठे ब्राह्मी लिपी लागते, कुठे कुदळ आणि ब्रश, कुठे जुनी वर्तमानपत्रं, कुठे अजून हयात असलेली माणसं.

मराठी माध्यमातून केलं तर चालेल का?

चालतं, पेपर मराठीत लिहिता येतात. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण मला ती कोणी सांगितली नव्हती. लिहा मराठीत, पण वाचा दोन्हीत. पहिल्या वर्षापासून रोज दोन पानं इंग्रजी वाचायची सवय लावली तर एम.ए.ला घाबरायला होत नाही. मला सुरुवातीला एका पानाला एक तास लागायचा, डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचे, तिसऱ्या वर्षापर्यंत तेच पान दहा मिनिटांत व्हायला लागलं. आणि उलट इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही सांगते की मराठी साधनं वाचता आली नाहीत तर मराठ्यांच्या इतिहासावर काम करता येणार नाही, तेव्हा तिथे तुम्हाला मेहनत आहे.

मोडी शिकू का? काही उपयोग आहे का?

शिका, शिका, शिका. पहिल्याच वर्षी शिका.

मोडी ही मराठी लिहायची जुनी लिपी, 1950 च्या दशकात ती शाळेतून गेली, म्हणजे आज सत्तरीच्या पुढचे लोक सोडले तर घरात कोणाला वाचता येत नाही, आणि कागद मात्र कोट्यवधी आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं (जुने सरकारी कागद जपतात ती जागा) पेशवे दफ्तर, कोल्हापूरचं दफ्तर, मुंबईचं, लांब तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या काळातले मोडी कागद, आणि त्याशिवाय लोकांच्या माळ्यावर ट्रंकेत पडलेले वेगळेच. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधायला तहसीलदार फिरत होते. राज्याचं पुराभिलेख खातं आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ दोघांचेही मोडीचे वर्ग असतात आणि फी जास्त नसते.

अवघड आहे का? मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात. कागद वाचायला वर्ष लागतं. आधी वरची रेघ ओढून घेतलेली असते आणि मग तिला लटकवल्यासारखी अक्षरं लिहीत जातात, बोरू उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ह्रस्व दीर्घ बघायचं नाही. मी पहिल्यांदा खरा कागद वाचला तेव्हा अख्खा शनिवार चार ओळींना गेला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भावांत झालेली समजूत होती ती, एकाने सकाळी मोट हाणायची दुसऱ्याने दुपारून, एवढंच. पण शेवटच्या ओळीत एक शब्द तीन तास लागत नव्हता आणि लागला तेव्हा तो 'आईस' होता, म्हणजे आईस विचारून ठरवलं. अंगावर काटा आला, खरंच.

आणि कागदावरची तारीखसुद्धा सरळ नसते. शुहूर सन, म्हणजे त्या काळची वर्ष मोजायची एक पद्धत, असतो आणि तो अरबी शब्दांत लिहितात, उदाहरणार्थ खमस सबैन अलफ. खमस 5, सबैन 70, अलफ 1000, झाले 1075, त्यात 599 मिळवले की 1674, म्हणजे राज्याभिषेकाचं साल. हा सन मृगाला बदलतो म्हणून जानेवारी ते मेमधल्या कागदाला 600 मिळवायचे. दोनचार वेळा केलं की बोटांवर येतं.

पब्लिक हिस्ट्री म्हणजे नेमकं काय?

कॉलेजच्या बाहेर, लोकांसाठी आणि लोकांबरोबर केलेला इतिहास. म्युझियम, प्रदर्शन, गडावरची माहितीची पाटी, हेरिटेज वॉक, मौखिक इतिहास म्हणजे माणसांच्या मुलाखती, गावाचं छोटं संग्रहालय, पॉडकास्ट, हे सगळं त्यात येतं. या नावाने कोर्स 1976 च्या सुमाराला कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठात सुरू झाला, मराठीत कोणी सार्वजनिक इतिहास म्हणतं कोणी लोकइतिहास म्हणतं, बोलताना आम्ही पब्लिक हिस्ट्रीच म्हणतो.

पण नाव नवीन असलं तरी आपल्याकडे काम जुनं आहे. आपल्याकडचा इतिहास उभा राहिला तोच मुळी विद्यापीठाच्या बाहेर. इतिहासकार वि. का. राजवाडे पायपीट करून दप्तरं गोळा करत फिरले, 1898 मध्ये मराठ्यांच्या इतिहासाची साधनेचा पहिला खंड काढला, असे 22 खंड झाले, 1910 मध्ये मेहेंदळ्यांबरोबर भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, हे सगळं सरकारी पगारावर नाही. पुण्यातलं केळकर म्युझियम बघा, दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वज्री, कुलपं, भातुकली असलं घरातलं सामान गोळा केलं, गेलेल्या लहान मुलाच्या नावाने म्युझियम केलं आणि 1975 मध्ये ते राज्याला देऊन टाकलं. राजाची तलवार सगळे जपतात, पण कोणा बाईची पाय घासायची वज्री जपावी असं वाटणं यात मला इतिहासाची मोठी समज दिसते.

आमच्या कॉलेजात पब्लिक हिस्ट्रीचा पेपरच नाही, मग?

बहुतेक ठिकाणी नाहीच. फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी आहे ना, ते वापरा. मुलं काय करतात, नेटवरून वीस पानं उतरवून स्पायरल बाइंडिंग करून देतात आणि सरही सही करतात, मी याच्या पूर्ण विरोधात आहे. तेवढ्याच वेळात तुमच्या गावातलं खरं काम होतं.

बहात्तरचा दुष्काळ घ्या. प्रत्येक गावात तो बघितलेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत, अजून दहा पंधरा वर्षांनी किती उरतील सांगा. खडी फोडायची कामं, नाला बंडिंग, पाझर तलाव, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, सुकडी (कामावर मिळायचं कोरडं खाणं), आणि त्या अनुभवातूनच पुढे 1977 चा रोजगार हमीचा कायदा आला. तुमच्या गावाजवळचा पाझर तलाव बहुतेक तेव्हाचाच असेल, तिथून सुरुवात करा. पुण्यात राहत असाल तर 12 जुलै 1961, पानशेत धरण फुटलं तो दिवस, पेठांमधल्या जुन्या वाड्यांत पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते भिंतीवर हात लावून दाखवणारे अजून भेटतात.

मुलाखत कशी घ्यायची? आजीआजोबा काही बोलतच नाहीत.

प्रश्न चुकीचा विचारता म्हणून बोलत नाहीत. मी एका आजींकडे पहिल्यांदा गेले आणि विचारलं, आजी बहात्तरच्या दुष्काळाबद्दल सांगा ना. त्या म्हणाल्या, काय सांगू बाई, लई वाईट दिवस होते. संपलं. मी चहा पिऊन परत. पुढच्या आठवड्यात परत गेले आणि विचारलं, आजी, सुकडी कशात आणायचात तुम्ही? तर म्हणाल्या, पदरात, भांडं कुठलं, भांडी विकली होती की. आणि मग सव्वा तास बोलल्या, कुठली भांडी विकली, कोणाला, किती रुपयाला, त्यातला एक तांब्या माहेरचा होता आणि तो नंतर कधीच परत घेता आला नाही. मोठा प्रश्न विचारला की माणूस मोठं उत्तर शोधतो आणि ते सापडत नाही. वस्तू विचारा, रस्ता विचारा, काय खाल्लं विचारा.

बाकी कामाच्या गोष्टी. आधी परवानगी घ्या आणि ती पण रेकॉर्ड करा. सुरुवातीला तारीख, गाव आणि दोघांची नावं बोला. पंखा बंद करा, नाहीतर सगळं रेकॉर्डिंग घरघर. मोबाईल चालतो पण फ्लाइट मोडवर. घरी आल्यावर त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी ठेवा. उतरवून काढायला एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच सहा तास धरा. बोली आहे तशीच उतरवा, शुद्ध करायला जाऊ नका. आणि छापायच्या आधी त्या माणसाला वाचून दाखवा, कोणी म्हणालं एवढं काढा तर काढायचं, वाद घालायचा नाही.

आठवण चुकीची असू शकते का, हो असू शकते, साल हमखास चुकतं. म्हणून ग्रामपंचायतीचं रेकॉर्ड, जुनी वर्तमानपत्रं याच्याशी ताडून बघायचं. पण चुकलेली आठवण पण फेकायची नाही, ती तशी का राहिली हा पण अभ्यासच आहे.

मी गडांवर जातो, रील्स टाकतो, हे पब्लिक हिस्ट्रीच झालं ना?

होऊ शकतं. 2025 च्या जुलैमध्ये 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, 11 आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी, त्यामुळे गर्दी वाढली आणि नीट सांगणाऱ्यांची गरज पण वाढली. फक्त ड्रोन शॉट आणि मागे ढोल एवढंच असेल तर त्यातून बघणाऱ्याला काही कळत नाही. पाटी कशी असते बघा, 'ही वास्तू तत्कालीन स्थापत्यकलेचा उत्कृष्ट नमुना आहे'. हे कुठल्याही वास्तूला लावता येतं. त्याऐवजी असं लिहा, 'या टाक्यात पावसाचं पाणी साठवत. कडेची गोल भोकं बघा, तिथे लाकडी खांब होते, वर छप्पर होतं.' आता माणूस खाली वाकून भोकं शोधतो, बोट घालून बघतो. आम्ही पाटीला 60-70 शब्दांची मर्यादा ठेवतो आणि पाचवीतल्या पोराला वाचायला देतो, तो अडखळला की परत लिहायचं.

वादाचे विषय निघाले तर? लोकांच्या भावना दुखावतात.

भीती वाटणं साहजिक आहे. गावात प्रदर्शन करताना आमच्यावर पण एकदा प्रसंग आला, एका घराण्याला वाटलं त्यांचं नाव मुद्दाम खाली टाकलं. आम्ही त्यांच्या घरी गेलो, कागद दाखवला, त्यांच्याकडचा कागद मागितला, आणि त्यांच्याकडे खरंच एक होता जो आम्ही बघितला नव्हता. पाटी बदलली. पुरावा समोर ठेवायचा, आवाज चढवायचा नाही, आणि समोरच्याकडे जास्त चांगला पुरावा असला तर मान्य करायचं. व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजलाही हाच नियम, हे कुठल्या साधनात आहे एवढा एकच प्रश्न विचारा.

बी.ए.च्या मुलांना पुराभिलेखागारात घेतात का?

घेतात. कॉलेजचं पत्र, आयडी आणि विषय काय आहे ते एका कागदावर, एवढं घेऊन जा, आधी फोन करून काय लागतं ते विचारा. पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. पहिल्या दिवशी काही सापडणार नाही, यादी कशी वाचायची हे समजण्यातच दिवस जातो, तेव्हा निराश होऊन परत यायचं नाही. घरबसल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल पोर्टलवर खूप कागद स्कॅन केलेले आहेत. गोव्यातल्या मुलांना तर पणजीचं पुराभिलेखागार हाताशी आहे, 1595 पासूनचं, तिथे पोर्तुगीजबरोबर मोडी मराठी कागदही आहेत, दोन्ही वाचता येणारी माणसं फार थोडी आहेत.

आर्किऑलॉजी करायची असेल तर बी.ए. इतिहास लागतंच का?

लागतंच असं नाही, पण पाया चांगला होतो. पुण्यात डेक्कन कॉलेजला एम.ए. आहे. म्युझियमचं शिकायचं असेल तर बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजी आहे, तो विभाग देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी आहे. अभिलेखांचं काम आवडत असेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराचा दिल्लीत एक वर्षाचा डिप्लोमा असतो.

यूपीएससी, एमपीएससीला उपयोग होतो का?

होतो. यूपीएससीला इतिहास ऑप्शनल घेतला तर 250 चे दोन पेपर, पहिल्यात नकाशाचा प्रश्नच 50 मार्कांचा. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता लेखी झालीय आणि तिथे पण ऐच्छिक विषय आलाय. पण फक्त परीक्षेसाठी इतिहास घेत असाल तर तीन वर्षं कंटाळा येईल, हे आधीच सांगून ठेवते.

नोकरी मिळते का? खरं खरं सांगा.

खरं सांगते. फक्त बी.ए.वर इतिहासाची म्हणून नोकरी मिळणं कठीण आहे. शाळेत शिकवायचं तर बी.एड. आणि टीईटी, टेट या शिक्षकांच्या परीक्षा. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट, आणि त्यानंतरही कायमच्या जागा निघायला वर्षानुवर्षं लागतात, तोपर्यंत सीएचबी, म्हणजे तासावर पैसे, आणि ते पण वेळेवर नाहीत. मी ते दिवस काढलेत, एका कॉलेजचे पैसे आठ महिन्यांनी आले होते. हे माहीत असून यायचं असेल तर या.

दुसऱ्या बाजूने, ज्यांच्याकडे डिग्रीबरोबर अजून एक हातातलं कौशल्य आहे त्यांना काम मिळताना बघितलंय. मोडी येते, किंवा फोटो नीट काढता येतात, किंवा ऑडिओ एडिट करता येतो, किंवा जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे करणं) येतं, किंवा चांगलं मराठी आणि इंग्रजी लिहिता येतं. म्युझियम, हेरिटेजचं काम करणाऱ्या संस्था, टुरिझम, कंपन्यांचे आणि बँकांचे जुने रेकॉर्ड लावून देण्याची कामं, डॉक्युमेंटरीचं रिसर्च, प्रकाशनं. ही कामं जाहिरातीतून फार कमी मिळतात, ओळखीतून आणि आधी केलेलं काम दाखवून मिळतात. म्हणून तो फील्ड प्रोजेक्ट नीट करा म्हणतेय, तोच दाखवायचा असतो.

घरचे म्हणतात इतिहास घेऊन काय करणार, त्यांना कसं समजवू?

त्यांची काळजी खोटी नाही, पैशाची आहे, तेव्हा चिडू नका. वरचं नोकरीचं उत्तर त्यांनाच वाचायला द्या, मग पाच वर्षांचा प्लॅन कागदावर लिहून दाखवा. आणि एक करून बघा, घरातल्या ट्रंकेत जुने कागद असतील तर ते वडिलांसमोर उघडा. माझ्या वडिलांचा विरोध त्या दिवशी कमी झाला ज्या दिवशी मी त्यांना त्यांच्या पणजोबांची सही वाचून दाखवली. ते बराच वेळ त्या सहीवर बोट ठेवून बसले होते आणि मग म्हणाले, बाकीचे पण वाच.

पहिल्या वर्षाला काय काय लागेल? लॅपटॉप?

लॅपटॉप नंतर घेतला तरी चालतो. जाड कागदाची वही, पेन्सिल, शिसपेन्सिलीचं टोकयंत्र, मोबाईलमध्ये जागा आणि एक पेनड्राइव्ह. जुने कागद फोटो काढायला बाहेर काढाल तेव्हा हात धुऊन, कोरडे करून, खिडकीपाशी, थेट उन्हात नाही. घडी जबरदस्तीने उघडू नका आणि सेलोटेप तर अजिबात लावू नका.